कडेला भोकं असलेला कागद

बेलवली, बदलापूर (प.)
१२ ऑगस्ट १९९०

चि. सुनेत्रा हिस,
सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद.

आरंभीच एक गंभीर तक्रार नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढे क्षेमकुशल विचारताना माझ्या स्वरात कडवटपणा कुठून आला हे तुला कोडं पडणार नाही. तुझं पुण्याहून आलेलं पहिलं पत्र परवा मिळालं. पोस्टमन हरिचंद्राने ते माझ्या हातात न देता दोन बोटांत धरून उजेडाकडे केलं आणि विचारलं, "मास्तर, पुण्यात उंदीर फार झालेत का?" कारण पत्राच्याच नव्हे, त्याच कागदाच्या तू बनवलेल्या पाकिटाच्याही दोन्ही कडांना ओळीने भोकं. मी त्याला समजावलं की हा कॉम्प्युटरचा कागद, याला भोकं जन्मतःच असतात. तो म्हणाला, "असतील. पण कडा कापून पाठवायला सांगा, लवकर फाटतात." एका सरकारी नोकराने माझ्या भाचीच्या पत्रावर असा अभिप्राय द्यावा आणि मला तो मनातून पटावा, ही मानहानी मी अजून विसरलेलो नाही. आमच्या पिढीत पत्राला समास सोडत. तुझ्या पिढीने समासाच्या जागी चाळणी लावली आहे.

मागच्या बाजूला जो मजकूर छापलेला आहे तो मी काल अंबरनाथला तुमच्या घरी जाऊन तुझ्या आईला वाचून दाखवला. अक्षरं इंग्रजी, ओळी तुटक, अर्थ शून्य. भिमाताई म्हणाली, "ऐकायला चांगलं वाटतंय." तुझे बाबा नुकतेच कारखान्यातून आले होते. त्यांनी विचारलं, हे वाचलं की मशीन ऐकतं का? मी म्हटलं, दाजी, सुनेत्राने सांगितल्यावर न ऐकण्याची मशीनची काय बिशाद.

खरं सांगायचं तर मी फार खुशीत आहे. चार वर्षांपूर्वी तू बारावी झालीस आणि "कॉम्प्युटरमध्ये जायचं तर पदवीला काय घेऊ" म्हणून विचारलंस, तो दिवस मला स्पष्ट आठवतो. आमच्या शाळेचे तळरेजा सर गणित, गणित असा एकच जप करत होते. मी तुमच्या ओट्यावर बसून साप्ताहिकातलं ते कात्रण मोठ्याने वाचलं, की संस्कृत ही यंत्राला सर्वांत जवळची भाषा. आणि म्हणालो होतो की गणित काय, कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही मिळतं. सगळे हसले होते. तळरेजा सरही हसले होते. तू संस्कृत घेतलंस, पहिल्या वर्गात पदवी मिळवलीस आणि आज त्या यंत्रापुढे बसली आहेस. मी काही बोलत नाही. फक्त कात्रण अजून जपून ठेवलं आहे एवढं कळवतो.

तब्येतीला जप. आणि कागद बदल.

तुझा,
शिवराम मामा


पुणे
२६ ऑगस्ट १९९०

आदरणीय मामा,
सविनय जयभीम.

तक्रार पोचली. कागद तोच आहे, काय करू. आमच्याकडे प्रिंटर मध्येच अडकला की पुष्कळ पानं वाया जातात, ती आम्ही मुली उचलून आणतो. माझ्या खोलीतली सरू त्यावर कविता करते, मी तुम्हाला पत्र लिहिते. कुणाचा उपयोग जास्त चांगला ते तुम्ही ठरवा. तुम्हाला सवय व्हावी म्हणून सोबत थोडे कोरे कागद पाठवते आहे. हरिचंद्रकाकांनाही एक द्या.

संस्था छान आहे. एक वर्षाचा डिप्लोमा, कुठलाही पदवीधर चालतो, बारावीला गणित असलं म्हणजे झालं. कॉम्प्युटरच्या खोलीत एसी आहे. चपला दाराबाहेर काढायच्या आणि आत कुणी मोठ्याने बोलायचं नाही. विहारात गेल्यासारखं वाटतं. यंत्रं थोडी आणि आम्ही जास्त, म्हणून आधी सगळा प्रोग्रॅम हाताने कागदावर लिहायचा, सरांनी बरोबर म्हटलं तरच यंत्रावर बसायला मिळतं.

मागच्या आठवड्यात तुमची फार आठवण झाली. सरांनी एक उदाहरण घातलं. सगळ्यांना लागू होणारा एक नियम आणि त्याला चार अपवाद, तर यंत्राला आधी काय तपासायला सांगायचं? वर्गात सगळी बी.एस्सी.ची मुलं, ती नियमापासून सुरू करून अडकली. मी म्हटलं, अपवाद आधी बघायचे, एकही लागू नसेल तरच नियमाकडे यायचं. तुम्ही आठवीपासून संस्कृत व्याकरणाची सूत्रं शिकवताना हेच तर घोटून घेतलंत. सरांनी विचारलं, कुठे शिकलीस? मी सांगितलं, मामांकडे, बदलापूरला. वर्गात बदलापूर कुणाला माहीत नव्हतं.

दुसऱ्या सत्रात गणिताचे दोन पेपर आहेत. मी सरूकडून तिचं बी.एस्सी.चं पुस्तक घेतलं आहे. बारावीनंतर चार वर्षं गणिताला हात लावला नाही, त्यामुळे बरंच विसरलं आहे. होईल.

आईला गुडघ्याला तेल लावायला सांगा.

तुमची,
सुनेत्रा


बेलवली
७ ऑक्टोबर १९९०

चि. सुनेत्रा हिस,
सप्रेम जयभीम.

तुझे कोरे कागद मिळाले. मी ते लोखंडी ट्रंकेत कुलूपबंद केले आहेत, शत्रूची शस्त्रं ठेवावीत तसे. हरिचंद्राने आपला वाटा नाकारला. तो म्हणाला, माझ्याकडे आधीच भोकं असलेलं छप्पर आहे.

तुझं पत्र मी शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवलं. नियम-अपवादाचा परिच्छेद दोनदा वाचला, कारण हेडमास्तर मध्येच आत आले. शेवटचा गणिताचा परिच्छेद वेळेअभावी वगळला. तरी तळरेजा सरांनी विचारलंच, "और मॅथ्स का क्या, मास्टरजी? वो भी तो लगेगा ना." रोज उल्हासनगरहून येणारा हा माणूस इतकी वर्षं आमच्यात राहून मराठी उत्तम बोलतो, पण काळजीत असला की हिंदीत जातो. मी म्हटलं, तळरेजा सर, आमची पोरगी शब्दांची चोवीस रूपं तोंडपाठ म्हणते, तुमची दोन समीकरणं तिला काय घाबरवणार? सगळे हसले. तेही हसले, जरा उशिरा.

तू सरळ पाठांतर कर. पहाटे उठायचं, पुस्तक मांडीवर घ्यायचं, मोठ्याने म्हणायचं. जे तोंडपाठ झालं ते आपलं झालं.

आता एक जुनी गोष्ट, तुला अर्धवट माहीत असलेली. माझ्या वडिलांना, तुझ्या आबांना, शाळेत संस्कृतच्या तासाला बाहेर काढत. ते खिडकीखाली उभे राहून ऐकत. एका दिवशी कुणाच्या तरी लक्षात आलं आणि खिडकी लावून घेतली. तेव्हा आत एक श्लोक चालला होता. आबांना आयुष्यभर त्याच्या दोनच ओळी येत होत्या. पुढे मी संस्कृत घेतलं, उरलेल्या दोन ओळी त्यांना म्हणून दाखवल्या, तर म्हणाले, "एवढंच होतं होय?" आता तू हे घेऊन कॉम्प्युटरपर्यंत पोचलीस. आबा असते तर त्यांनी कागदाच्या भोकांबद्दल एक अक्षर काढलं नसतं. पण मी आबा नव्हे. कागद बदल.

तुझा,
शिवराम मामा


पुणे
२० जानेवारी १९९१

आदरणीय मामा,
सविनय जयभीम.

फार दिवसांनी लिहिते आहे, रागावू नका. दिवाळीला आले तेव्हा तुमच्याशी नीट बोलणं झालं नाही, घरात माणसं फार होती. त्यानंतर परीक्षा, मग इतर कामं. तुमच्या म्हणण्याप्रमाणे साधं आंतर्देशीय पत्र वापरते आहे.

सरू आणि मी खोली बदलली. आता गावात, पेठेत राहतो, खाली एक छापखाना आहे, दिवसभर मशीनचा आवाज येतो. त्याची सवय झाली. थंडी खूप आहे.

आईचा गुडघा कसा आहे? बाबांच्या कारखान्यात काय चाललंय? तुम्ही बरे आहात ना?

आणखी काही विशेष नाही.

तुमची,
सुनेत्रा


बेलवली
३ फेब्रुवारी १९९१

चि. सुनेत्रा हिस,
सप्रेम जयभीम.

विजय असो. इतकी वर्षं वर्गात उभा राहून बोलतो आहे, पण माझं म्हणणं ऐकून कुणी वागणूक सुधारल्याची ही पहिलीच नोंद. निळं, सभ्य, निश्छिद्र आंतर्देशीय पत्र. हरिचंद्राने ते स्वतःहून आत आणून टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "आता पत्र वाटतंय." आमच्या दोघांच्या वतीने अभिनंदन स्वीकार. एवढंच की मजकूरही कागदाइतकाच कोरा आहे. कामात बुडालेली माणसं असंच लिहितात, हे मी जाणतो. तुझ्या आईलाही तसंच समजावलं. ती म्हणत होती, पोरगी काहीतरी गिळून बसलीय. मी म्हटलं, ताई, गणित गिळत असेल.

गुडघा तसाच आहे. कारखान्यात दोन पाळ्यांची एक पाळी झाली आहे, दाजी त्याबद्दल बोलत नाहीत, म्हणून मीही विचारत नाही.

इकडची बातमी. पालेगावच्या धाकलूची मुलगी काशी तुला आठवते का? तू बी.ए.ला होतीस तेव्हा आमच्या शाळेत होती, दहावीला पहिली आली. आता बारावी सायन्सला आहे आणि रविवारी माझ्याकडे येते, संस्कृत वाचायला आणि कारण नसताना शंका काढायला. तिला मी ट्रंक उघडून तुझी पानं दाखवली. तिने एक पान उलटं केलं, सुलटं केलं, भोकांत बोट घालून पाहिलं आणि विचारलं, "सर, हे करायला काय शिकायचं?"

तुझाच प्रश्न. त्याच वयात. मला फार बरं वाटलं. मी कात्रण काढलं.

तुझा,
शिवराम मामा


पुणे
१७ मार्च १९९१

आदरणीय मामा,
सविनय जयभीम.

पत्र मिळालं. काशी आठवते. दोन वेण्या घालायची आणि प्रत्येक गोष्टीला "कशावरून" म्हणायची.

मामा, तिला एकदा तळरेजा सरांनाही विचारू द्या. प्रत्येकाचं वेगळं असतं. माझ्या बाबतीत जे झालं ते तिच्या बाबतीत तसंच होईल असं नाही. सायन्स झालंच आहे तर तिचं गणित चांगलं असणार, मग ते सोडून देण्याआधी दोघा-तिघांशी बोललेलं बरं.

माझं ठीक चाललं आहे. लग्नसराईत इथे फार गडबड असते. एप्रिलमध्ये यायला जमणार नाही. आईला सांगा.

तुमची,
सुनेत्रा


बेलवली
९ जून १९९१

चि. सुनेत्रा हिस,
सप्रेम जयभीम.

लग्नसराईत कॉम्प्युटरवाल्यांची कसली गडबड असते हे दोन महिने विचार करूनही मला उमगलेलं नाही. आता यंत्रं पत्रिकाही जुळवू लागली असतील तर आमच्या गल्लीतले ज्योतिषी पोटासाठी कुठे जातील, त्याचा विचार तुमच्या संस्थेने केला आहे का?

तुझा विनय मी ओळखला. "माझ्या बाबतीत झालं तसं तिचं होईलच असं नाही" हे वाक्य फक्त यशस्वी माणसं लिहितात. ते मी काशीला वाचून दाखवलं आणि म्हटलं, बघ, ही नम्रतासुद्धा संस्कृतमुळे येते. ती हसली. तिचा निकाल लागला, उत्तम गुण आहेत. तळरेजा सरांना विचारायची गरज उरली नाही, कारण ते न विचारताच सांगतात. मी त्यांना एकच उत्तर दिलं: आमच्याकडे पुण्यात जिवंत पुरावा आहे.

तर ठरलं असं. सोमवारी, २४ तारखेला, मी स्वतः काशीला घेऊन कॉलेजात जाणार आणि बी.ए.ला संस्कृतसाठी तिचं नाव घालणार. तिच्या आईवडिलांची ना नाही. धाकलू म्हणाला, मास्तर सांगतील ते. शाळेत माझं एक भाषणही ठेवलं आहे, "संस्कृत आणि संगणक". त्यात तुझं उदाहरण देणार आहे. तेव्हा डिप्लोमाचा निकाल कधी लागतो, आणि तू आता नेमकं काय बनवतेस, ते चार ओळींत लिही. मला समजणार नाही असं लिहिलंस तरी चालेल. श्रोत्यांवर त्याचाच परिणाम जास्त होतो.

तुझा,
शिवराम मामा


पुणे
१४ जून १९९१

मामा,
जयभीम.

भाषणात माझं नाव घेऊ नका. काशीला सोमवारी नेऊ नका.

मी डिसेंबरात संस्था सोडली. म्हणजे सोडावी लागली. पहिल्या सत्रात पुढे होते, ते खरं लिहिलं होतं. पण सप्टेंबरअखेर दुसरं सत्र सुरू झाल्यावर तीन आठवड्यांत मला वर्गात काय चाललं आहे ते कळेनासं झालं. फळ्यावर सर एक ओळ लिहायचे आणि म्हणायचे, हे तर तुम्हाला पदवीला झालंच आहे. सगळे मान हलवायचे. तुम्ही सांगितलंत म्हणून पहाटे उठून पाठ केलं. सरूचं पुस्तक जवळजवळ तोंडपाठ झालं. चाचणीत आकडे बदलून आले आणि मला एकही सोडवता आलं नाही. सरांनी बोलावून घेतलं. चांगले आहेत ते, ओरडले नाहीत. म्हणाले, तुझं डोकं यासाठी योग्य आहे, पण पाया नाही. दोन वर्षं नीट गणित कर आणि परत ये. आम्हाला संस्कृतची अडचण नाही, गणित नसण्याची आहे.

जानेवारीपासून मी खालच्या छापखान्यात काम करते. त्यांनी कॉम्प्युटर घेतला आहे, त्यावर लग्नपत्रिका टाइप करते. "आमच्या येथे श्रीकृपेकरून" आता मला डोळे मिटून टाइप करता येतं. माझं संस्कृत शुद्ध म्हणून मालक खूश आहेत. वरचे श्लोक मीच निवडते. तिथे भोकांचा कागद लागत नाही. तुम्हाला वाटलं मी तुमचं ऐकलं. मला तो कागद मिळायचाच बंद झाला होता.

तुमच्यावर राग नाही, हे आधी वाचा. संस्कृत वाया गेलं असंही मी म्हणत नाही. यंत्राला सांगायचं कसं हे मला इतरांपेक्षा लवकर कळलं, ते तुमच्यामुळे. पण काय सांगायचं, ते गणितातून यावं लागतं आणि ते माझ्याकडे नव्हतं. काशीकडे आहे. तिला बी.एस्सी.ला गणित घेऊ द्या. संस्कृत ती रविवारी तुमच्याकडे येऊन शिकेल, तशी शिकतेच आहे. गणित रविवारी शिकता येत नाही. मी करून पाहिलं.

आणि मामा, त्या दिवशी, तुम्ही कात्रण वाचलंत तेव्हा, मी सकाळी तळरेजा सरांना सांगून आले होते की मी गणितच घेणार. तुम्ही सक्ती केली नाहीत. तुम्ही वाण्याचं काहीतरी बोललात, आई हसली, बाबा हसले, मीही हसले. हसल्यावर मला नाही म्हणता आलं नाही. शिवाय आबांची ती खिडकी होती. तिच्यापुढे गणित म्हणायला मला लाज वाटली.

दिवाळीत सांगणार होते. तुम्ही सगळ्यांना नियम-अपवादाची गोष्ट सांगत होता.

सुनेत्रा


बेलवली
२० जून १९९१

सुनेत्रा,
जयभीम.

तू पाठवलेल्या कोऱ्या कागदांपैकी एकावर लिहितो आहे. कडा कापलेल्या नाहीत. सवयीप्रमाणे आरंभी एखादी तक्रार घालावी म्हणून बसून राहिलो. पेन नीट आहे, शाई नीट आहे, हरिचंद्राने पत्र वेळेवर दिलं. तक्रार नाही.

पत्र मंगळवारी शाळेतच मिळालं. वाचून तळरेजा सरांच्या हातात दिलं. "मैंने बोला था" हे वाक्य आता येणार म्हणून मी तयार होऊन बसलो होतो. त्यांनी पत्राची घडी घातली, परत दिलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "चलो, पालेगाव हो आते हैं."

धाकलू शेतात भाताच्या रोपांचा राब पेरत होता. शेजारच्या शेतात इमारतीचे खांब उभे राहिले आहेत, त्यांच्या सावलीत आम्ही उभे राहिलो. काशीला बोलावलं. मी तिला म्हटलं, मी तुला जे सांगितलं ते चुकीचं होतं. सुनेत्राचं उदाहरण देत होतो, तेही खरं नव्हतं. तू गणित घे. मी हे एका दमात बोललो आणि त्यात एकही विनोद नव्हता, त्यामुळे मला स्वतःचा आवाज अनोळखी वाटला.

काशी खाली बघत होती. मग म्हणाली, "सर, मी बी.एस्सी.चाच फॉर्म भरलाय. आठवडा झाला. मॅथ्स घेतलंय."

मी विचारलं, "मग सोमवारी माझ्याबरोबर कॉलेजात येऊन काय करणार होतीस?"

"ते अजून ठरवलं नव्हतं."

धाकलू पाय धूत होता, तो तिथूनच म्हणाला, "म्यां सांगितलं तिला, मास्तरला बोलून टाक. तर बोलते, नाय, सर हसवतील. मंग मी पन हसंन, नि नको त्याला हो बोलून बसंन."

तुझं वाक्य, सुनेत्रा. तुझं हे पत्र त्या पोरीने पाहिलेलं नाही.

परत येताना स्टेशनवर चहा घेतला. तळरेजा सरांनी चहा बशीत ओतला. मग त्यांनी सांगितलं की काशीचा फॉर्म त्यांनीच भरून दिला होता. मी म्हटलं, आपण एका खोलीत बसतो, एका डब्यातून जेवतो, मला सांगायचं नाही? ते म्हणाले, "क्या बोलता साईं. आप हंसा देते." त्यात टोचणी नव्हती. त्यांना खरोखर आवडणारी माझी एक गोष्ट ते सांगत होते, असा त्यांचा सूर होता.

त्यांनी तुला निरोप दिला आहे. गणित रविवारी येत नाही हे बरोबर, पण रोज संध्याकाळी येतं. अंबरनाथला परत आलीस तर ते शाळा सुटल्यावर थांबतील. तू यावंस असं मी म्हणत नाही. मी आता तुला काय शिकावं ते सांगणार नाही. निरोप होता, पोचवला.

भिमाताईला आणि दाजींना मी काही सांगितलेलं नाही. ते तुझं तू सांग, तुला हवं तेव्हा. ताईला बहुधा कळलेलं आहे. ती फेब्रुवारीतच म्हणाली होती, आणि मी तिलाही हसवलं होतं. भाषण रद्द केलं. कात्रण फाडलं नाही, त्या बिचाऱ्या कागदाचा काय दोष, पण ट्रंकेतून तुझी छापील पानं बाहेर काढून टेबलावर ठेवली आहेत. येशील तेव्हा त्यातलं एक मला समजावून सांग. मी मध्ये बोलणार नाही.

आबांच्या खिडकीबद्दल. तो श्लोक मी पुरा केला होता, सुनेत्रा. माझ्याने तो झाला होता. तुला तो पुन्हा पुरा करायला पाठवायचं काही कारण नव्हतं. तुझ्या वाट्याला दुसरी खिडकी होती, ती उघडी होती आणि तिच्यापुढे मी उभा राहून गोष्टी सांगत होतो. आबांची गोष्ट मी तुला सांगितली तेव्हा तुला अभिमान वाटेल असं मला वाटलं. तुला ती ओझं वाटेल हे माझ्या ध्यानात आलं नाही.

आजवर मी समजत होतो की मुलं माझ्यापाशी येतात, हसतात, म्हणजे त्यांना माझा धाक नाही. इतर मास्तर छडी घेऊन फिरत, मी कधी घेतली नाही, याचा मला फार गर्व. छडीचं काम माझं बोलणंच करत होतं, हे मला पालेगावच्या बांधावर कळलं.

माझी काळजी गणिताची नाही. ते तू शिकशील, किंवा न शिकता दुसरं काही चांगलं करशील. लग्नपत्रिकांचीही नाही. डिसेंबरपासून तू तिथे हे एकटीने सोसत होतीस, आणि दर पत्रात माझी चेष्टा वाचून आईच्या गुडघ्याची चौकशी करत होतीस. परवाही तू लिहिलंस ते काशीसाठी. स्वतःसाठी लिहिलं नसतंस.

यापुढे तुझं काही बिनसलं तर तू मला सांगशील की नाही, हे मला माहीत नाही. मला काळजी तेवढीच आहे.

शिवराम मामा